जोडाक्षराला एक रुपया जास्त

हुपरीत नाव कोरायला अक्षराला दोन रुपये,
जोडाक्षराला तीन.
बारशाच्या वाट्या येतात, चमचे येतात,
वाळ्यांच्या आतल्या अंगाला
पोरीचं नाव घालून द्यायचं असतं.
मी कलमाला धार लावून उंबऱ्याच्या उजेडात बसते.

आधी चंद्रभागा यायची, कोंडाबाई यायची.
अन्नपूर्णा आली की दहा रुपये, चहा सुटायचा.
आता इरा.
आता मायरा.
नावं आखूड झाली, तशी मजुरी.
दुकानात मशीन आल्यापासून
माझ्याकडं येतात ते फक्त घाईतले.

माझं नाव नऊ रुपयांचं आहे.
आ, क्का, ता, ई.
चोवीस वर्षांत एकदाही
ते कुणी कोरायला आणलं नाही.

परवा राजारामपुरीची एक बाई वाटीसाठी थांबली होती,
मोबाइलवर नावांची यादी खालीवर करत.
मावशी, तुमच्या नावाचा अर्थ काय हो?
म्हटलं, थोरली बहीण.
अक्का म्हणजे थोरली बहीण, ती चिकोडीकडची.
ताई म्हणजे थोरली बहीण, ती इकडची.
आई दूधगंगेपलीकडून आलेली,
तिनं एक हाक आणली, बापानं एक दिली,
शाळेच्या मास्तरांनी मधे जागा न सोडता लिहून टाकलं.
ती हसली. म्हणजे एकच गोष्ट दोनदा?
व्हय की.
शिवेवर सगळंच दोनदा सांगावं लागतं.

एक तिला सांगितलं नाही.
मी घरातली सगळ्यात धाकटी.
पाच भावांच्या पाठीवरची.
बाराव्या दिवशी आत्तीनं पाळण्यात वाकून
कानात कुर्र केलं, आणि म्हणाली,
या घराला थोरली लेक न्हवती, आता झाली.
नाव कसलं, नेमणूक होती ती.
सातव्या वर्षी माझ्या हातात परात होती
आणि मिसरूड फुटलेले पाच जण
पाटावर बसून म्हणत होते,
आक्काताई, वाढ.

आत्तीच्या चुलतीचंही हेच नाव होतं म्हणे.
तिच्या मागं कुणी मोजलं नाही.
तीही कुठंतरी धाकटीच असणार.

पण या नावाची एक गंमत आहे.
मला हाक मारायची तर
आधी लहान व्हावं लागतं.
छडी उगारणारे मास्तर झाले.
सासू झाली, सत्तर वर्षांची,
दळण निवडलं नाहीस म्हणून डाफरताना.
नवऱ्यानं एकदा भरलं ताट भिरकावलं,
आमटी भिंतीवरून खाली येत होती,
आणि शिवीच्या आधी
तोही मला थोरली म्हणून गेला.
मी तेवढं ऐकलं.
भिंत पुसली.

आज दुपारी लाइट गेली.
आटणीला जायच्या ढिगात एक वाटी होती,
काठाला चेपलेली, कुणाच्या उपयोगाची नाही.
मी ती मांडीवर घेतली.
आ घातला.
क्का ला वेळ लागला,
एका क च्या पोटात दुसरा क बसवायचा
तर कलम जरा श्वास धरून चालवावं लागतं.
ता.
ई ची वेलांटी काठाच्या चेपेवरून घसरली,
तशीच राहू दिली.
फुंकर मारली तर चांदीची पूड
पदरावर पडली, ती झटकली नाही.

नऊ रुपये. मागणार कुणाकडं?

संध्याकाळी वाटी मुशीत जाईल.
पैंजण होतील, जोडवी होतील,
जातील निपाणीला नाहीतर आणखी कुठं.
कुणाच्या घोट्यावर माझा ई असेल
ते तिला कळायचं नाही, मलाही नाही.

गल्लीतून सासूची हाक आली,
कापरी, जरा कानडी वळणाची,
आक्काताई, लाइट आली गं.
मी ओ दिली.